होल्ड करा, मावशी विचार करताहेत

विमलमावशींना 'कशा आहात?' असं सहज विचारायची सोय नव्हती. जिन्यात भेटल्यावर आपण विचारायचं आणि दुधाची पिशवी घेऊन पुढे सटकायचं, असा आपला बेत असतो. मावशी मात्र तिथल्या तिथे थांबायच्या, डावा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "होल्ड करा." मग खरोखर विचार करायच्या. गुडघा बरा आहे का, मन कालच्यापेक्षा ठीक आहे का, टाकीत पाणी आलं नाही त्याचा राग अजून शिल्लक आहे का. एवढं सगळं तपासून झालं की म्हणायच्या, "एकंदरीत बरी आहे. तू?" तोवर माझ्या हातातलं दूध कोमट झालेलं असायचं.

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर त्या आणि मोरेकाका राहायचे. टेलिफोन खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. गावोगावचे ट्रंक कॉल जोडायचे ते दिवस. समोर भोकांचा उंच बोर्ड, डोक्यावर इअरफोन आणि हातात दोऱ्यांच्या पिना. नंतर लोक आपले आपणच फोन लावायला लागले, बोर्ड गेले आणि मावशींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खात्यातून बाहेर पडताना बाकी सगळं त्यांनी तिथेच ठेवलं, फक्त 'होल्ड करा' तेवढं घरी आणलं.

त्यांचा दुसरा हट्ट प्रश्नांबद्दलचा होता. लहानपणी अंबरनाथच्या बुद्धविहारात एका भंतेजींनी त्यांना सांगितलं होतं की प्रश्न चार जातींचे असतात. काहींना सरळ उत्तर द्यायचं. काहींची आधी फोड करायची. काहींना उलट प्रश्न विचारायचा. आणि काही प्रश्न असे असतात की ते नम्रपणे बाजूला ठेवायचे. मावशींनी हा उपदेश जन्मभर पाळला आणि तो सगळ्या जगाला लावला. "चहा घेणार?" हा पहिल्या जातीचा. "सून कशी आहे?" हा दुसऱ्या जातीचा, कारण सून सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी. आमचे बाबा जवळच्या जांभूळ गावचे, जमीन विकून कात्रपला आलेले आणि जिभेला हाड नसलेले. त्यांनी एकदा मावशींना गच्चीत विचारलं, "या वयात आनखी शिकून काय करनार तुमी?"

मावशी म्हणाल्या, "तुम्ही न शिकून काय केलंत, भोईर?"

हा तिसऱ्या जातीचा. बाबा हसत सुटले आणि नंतर महिनाभर आल्यागेल्याला तो किस्सा सांगत राहिले.

बाबांचा प्रश्न तसा हवेतून आलेला नव्हता. मावशी खरंच शिकायला निघाल्या होत्या. बी.ए. त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन केलं होतं, पण बाहेरून. नोकरी, पाळ्या, दोन मुलं आणि स्वयंपाक सांभाळून, पोस्टाने येणारी टिपणं वाचून. पास झाल्या, चांगल्या झाल्या, पण एकही दिवस वर्गात बसल्या नाहीत. ही गोष्ट त्यांना लागून राहिली होती. एकदा माझ्याशी बोलताना त्यांनी ती सरळ सांगितली.

"नीता, मी आयुष्यभर दोन माणसांची बोलणी जोडून दिली. मधे बोलायची परवानगी नव्हती. अभ्यास केला, तर समोर कागद. कागदाला विचारलं, बाबा, हे असं कसं? तर कागद गप्प. मला एकदा बाकावर बसायचंय. समोर जिवंत मास्तर पाहिजे. मी हात वर करणार आणि विचारणार. बस, एवढंच पाहिजे मला."

विद्यापीठाच्या एम.ए.च्या नियमित वर्गात जागा थोड्या होत्या आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा होती. त्या वर्षीपासून ती ऑनलाइन केली होती. दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे तेव्हा ऑनलाइन म्हणजे सायबर कॅफेत तासावर बसून नातेवाइकांना ई-मेल करणं. मावशींनी कॉम्प्युटरला तोवर कधी हात लावला नव्हता. मी अंबरनाथ पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. साहजिकच एका सकाळी मावशी तयार होऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. त्यानंतर रोजच बसू लागल्या. वाटेत गतिरोधक आला की त्यांचा मुद्दा तुटायचा आणि पलीकडे गेल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचा.

क्लास हरेशभाईंचा होता. हरेशभाई उल्हासनगरचे सिंधी, जाडजूड, प्रेमळ आणि घाईतले. त्यांचं मराठी हिंदीच्या कडेकडेने चालायचं. मावशींना माउस धरायला शिकवलं ते त्यांनीच. पहिल्याच दिवशी मावशींनी माउस उलटा केला आणि खालची अक्षरं चष्मा सरकवून वाचली.

"हरेशभाई, यावर परदेशी कंपनीचं नाव आहे."

"हां, मॅडम."

"परदेशातून आणला?"

"नाही, मॅडम. आपल्या उल्हासनगर कॅम्पच्या मागच्या गल्लीतून आणला."

"म्हणजे हा खोटा आहे."

"खोटा कसा? चालतो ना?"

"चालतो म्हणून खरा?"

"मॅडम, चालत नसता तर खोटा. चालतो तर खरा. आमचा तर सगळा धंदा यावरच उभा आहे."

मावशींचा डावा हात वर गेला. "होल्ड करा." आणि त्या हातातल्या माउसकडे इतका वेळ बघत बसल्या की मागच्या बाकावरच्या टॅली शिकणाऱ्या मुली खुदुखुदु हसायला लागल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "नीता, जे कामाला येतं तेच सत्य, असं मानणारे तत्त्वज्ञ परदेशात होऊन गेले. मी ते पोस्टाच्या टिपणात तीनदा वाचलं होतं. आज कळलं." हरेशभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम मेरेको शाबासी दे रही है की शिव्या?" मी म्हटलं, शाबासकी. तेव्हापासून ते मावशींसाठी रोज स्वतःच्या खिशातून कटिंग चहा मागवायचे आणि तो घेऊन समोर बसायचे. आपले वडील जन्मभर ज्या सिंधमधल्या घराच्या गोष्टी सांगत होते, ते घर आता आहे म्हणायचं की नाही, असं त्यांनी एकदा विचारलं. मावशींनी त्याची फोड करायला घेतली आणि त्या दुपारी टॅलीची बॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली.

खरी पंचाईत मात्र परीक्षेच्या रीतीची होती. एक प्रश्न, चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. मावशींच्या स्वभावाला ही रीतच मानवत नव्हती. पहिला पर्याय बरोबर, पण दुसऱ्यातही तथ्य आहे, तिसरा ज्याने लिहिला त्याच्या मनात काय होतं ते विचारायला हवं, आणि चौथा पर्याय 'यापैकी नाही', तो तर सर्वांत प्रामाणिक. मी वैतागायचे. मी तेव्हा तिशीच्या आतली, मला सगळ्याची घाई. "मावशी, उत्तर दाबा आणि पुढे चला," असं मी दिवसातून कितीदा म्हणत असेन कोण जाणे. त्या शांतपणे म्हणायच्या, "दाबते. पण मला पटलेलं नाही, हे तू लक्षात ठेव."

मोरेकाकांनी घरी आपल्या परीने तयारी चालवली होती. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. बायको परीक्षेला बसते म्हटल्यावर स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला. संध्याकाळी वर गेले की आतून त्यांचा आवाज यायचा. "प्रश्न पहिला. आज भाजी कोणती? अ, वांगं. ब, भेंडी. क, वरील दोन्ही. ड, यापैकी नाही."

"ड," मावशी म्हणायच्या.

"निगेटिव्ह मार्किंग आहे हां, विमल. उपाशी राहशील."

विद्यापीठाने वेबसाइटवर एक नमुना परीक्षा ठेवली होती. मावशींनी ती क्लासमध्ये वेळ लावून दिली. मी मागे उभी होते. उत्तरं बघितली, बरीचशी बरोबर होती आणि मनातून मी खूश झाले. वेळ संपली, पडद्यावर निकाल आला. शून्य.

मावशींनी चष्मा काढून पुसला. "निकाल छान स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. पुन्हा परीक्षा लावली आणि या वेळी त्यांच्या खांद्यावरून नुसता त्यांचा हात बघत राहिले. तेव्हा उलगडा झाला. मावशी पर्याय निवडत होत्या, जतन करत होत्या आणि त्याच्या शेजारीच 'क्लियर' नावाचं बटण होतं, ते टिचकी मारून दाबत होत्या. मग पुढचा प्रश्न. निवड, जतन, क्लियर.

"मावशी, हे काय करताय? उत्तर पुसताय तुम्ही."

"पुसत नाहीये. बोलणं झालं, लाइन मोकळी केली."

"पण का?"

"अगं, बोलणं झालं की पिन काढायची. नाही काढली तर लाइन अडकून राहते, दुसऱ्याचा फोन लागत नाही. आमच्याकडे पिन तशीच ठेवून उठलं तर मेमो मिळायचा."

हरेशभाई खुर्चीवर बसून पोट धरून हसले. मीही हसले, मावशीही हसल्या. मग मी त्यांना तीनतीनदा बजावलं, की या बोर्डावरची पिन काढायची नाही, इथे सगळे फोन चालूच ठेवून निघायचं. त्यांना ते फार बेशिस्तीचं वाटलं. पण शिकल्या. पुढच्या वेळी पन्नास टक्क्यांच्या वर गेल्या, त्यापुढच्या वेळी साठच्या. प्रत्येक वेळी त्यांचं बोट त्या बटणाकडे जायचं आणि त्या उजवा हात डाव्या हाताने धरून मागे घ्यायच्या. मला वाटलं, सवय मोडली.

परीक्षेचं केंद्र उल्हासनगरच्या एका कॉलेजात आलं. मोरेकाकांनी रजा टाकली. मी स्कूटीवरून मावशींना नेलं, काका रिक्षाने डबा घेऊन मागून आले. फाटकात सगळी पोरं विशी-बाविशीची. एका मुलाने मावशींना सांगितलं, "आंटी, पेरेंट्सना आत सोडत नाहीत." मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे. पेरेंट्स इथे बाहेर थांबले आहेत," आणि माझ्याकडे व काकांकडे बोट दाखवून आत गेल्या.

आम्ही दोघं पालक समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे राहिलो. काका डब्याचं झाकण उघडायचे, बटाट्याची भाजी आहे याची खात्री करायचे आणि बंद करायचे. परीक्षा संपायला थोडाच वेळ उरला असेल, तेव्हा दुकानातला पंखा मंद होत होत थांबला आणि मशीनही गप्प झालं. भारनियमनाची वेळ नव्हती, पण तेव्हा वीज वेळ पाळून जायची असं थोडंच होतं?

"लाइट गेली," काका म्हणाले.

"यूपीएस असेल आत, काका. कॉम्प्युटर बंद नाही पडणार."

"कॉम्प्युटरचं नाही. तिचं काय होईल?"

आतून यूपीएसची टीं टीं रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. मग जनरेटर धडधडला आणि टीं टीं थांबली. काकांनी डबा बंद केला. त्यानंतर त्यांनी तो उघडला नाही.

पोरं बाहेर पडली. मावशी सगळ्यांत शेवटी आल्या. साडीचा पदर ठीक होता, केस ठीक होते, चेहरा मात्र ठीक नव्हता.

"काय झालं, मावशी?"

त्यांचा डावा हात वर गेला. "होल्ड करा."

आम्ही होल्ड केलं. त्या पाणी प्यायल्या, कॉलेजच्या पायरीवर बसल्या आणि मग सांगितलं.

"सगळं छान चाललं होतं. माउसवाला प्रश्न आला होता, त्याला मी हरेशभाईंचं उत्तर दिलं. थोडे प्रश्न बाजूला ठेवले होते, शेवटी शांतपणे बघू म्हणून. तेवढ्यात घंटा वाजली."

"कसली घंटा?"

"तीच गं, टीं टीं. आमच्या एक्स्चेंजमध्ये बिघाडाची घंटा अशीच वाजायची. ती वाजली की काही विचारायचं नाही, बघायचं नाही, आधी एकेक पिन काढत बोर्ड मोकळा करायचा. मला कळलंच नाही, नीता. पोरं ओरडत होती आणि मी आपली पहिल्या प्रश्नापासून सुरू झाले. क्लियर, पुढे. क्लियर, पुढे. घंटा थांबली तेव्हा हात थांबला. बघते तर पहिले आठ-दहा प्रश्न कोरे."

काका त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मला रडूच यायला लागलं. त्या बाकासाठी ही बाई रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून खड्डे खात आली होती आणि एका यूपीएसने तो बाक काढून घेतला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मिनिटं उरली होती पाच. होल्ड करायला वेळच नव्हता. प्रश्न वाचला, उत्तर दाबलं. प्रश्न वाचला, उत्तर दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा न थांबता उत्तरं दिली मी." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि खरं सांगू? दोन-तीन ठिकाणी आधी दिलं होतं त्याच्यापेक्षा वेगळंच दिलं. तेव्हा तेच बरोबर वाटलं."

"आणि बाजूला ठेवलेले?"

"ते बाजूलाच राहिले. त्यांची तीच जात असेल."

काकांनी डबा पुढे केला. "प्रश्न पहिला," ते म्हणाले. "पोळी-भाजी आत्ता खायची का? अ, हो. ब, नाही."

"अ," मावशी म्हणाल्या, आणि त्या पायरीवर बसून आम्ही तिघांनी बटाट्याची भाजी खाल्ली.

निकाल लागेपर्यंत कुणी तो विषय काढला नाही. बाबासुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजावं. निकालाच्या दिवशी मावशींनी क्लासमध्ये खुर्ची पडद्यापासून लांब ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. वेबसाइट उघडता उघडेना. हरेशभाई माझ्या डोक्यामागे श्वास रोखून उभे होते. शेवटी नावं आली. मी वरून वाचत खाली गेले. अर्ध्यावर आले तरी मावशींचं नाव नव्हतं, तळाशी पोहोचताना तर वाचावंसंच वाटेना. शेवटून दुसरं नाव विमल मोरे होतं.

"मॅडम," हरेशभाई भिंतीला सांगत असल्यासारखे म्हणाले, "लाइन लग गई."

मावशी वळल्या. मी विचारलं, "आनंद झाला, मावशी?" डावा हात सवयीने वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"झाला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. हरेशभाईंनी त्या दिवशी टॅलीच्या अख्ख्या बॅचला पेढे वाटले आणि तो परदेशी नावाचा माउस मावशींना भेट दिला.

पेढा खाता खाता मी त्यांना विचारलं, की शेवटच्या पाच मिनिटांत जी उत्तरं बदलली, त्यांनी तारलं असेल का? की पहिलीच ठेवली असती तर नाव आणखी वर आलं असतं? मावशी म्हणाल्या, "ते विद्यापीठ सांगणार नाही आणि आपल्याला कळणार नाही. हा प्रश्न चौथ्या जातीचा. पेढा खा."

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी कोल्हापूरला जायची तयारी करू लागले. जाण्याआधी पदवीच्या सर्टिफिकेटसाठी विद्यापीठात खेप पडली. काम झाल्यावर विचारत विचारत मी तत्त्वज्ञान विभागापर्यंत गेले. एका वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. आत फार तर पंधरा-वीस मुलं होती. खिडकीशेजारच्या बाकावर, अगदी पहिल्या रांगेत, माझ्या मावशी बसल्या होत्या. निळी साडी, समोर चष्म्याची डबी, आणि बाकाच्या फळीवर डावा तळवा असा पसरून ठेवलेला, की जणू बाक कुणी उचलून नेईल. उजवा हात सरळ वर होता.

त्यांनी काय विचारलं ते मला दारातून नीट ऐकू आलं नाही. मास्तर चाळिशीचे असतील. त्यांनी उत्तर सुरू केलं, मधेच थांबले, फळ्याकडे बघितलं, पुन्हा मावशींकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "मोरेबाई, याला मला जरा वेळ लागेल. उद्या सांगितलं तर चालेल?"

मुलं हसली. मावशींनी उजवा हात खाली घेतला आणि बाकाला टेकून निवांत बसल्या. एवढ्या समाधानाने बसलेलं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

"सावकाश, सर," त्या म्हणाल्या. "मी होल्ड करते."